सावंतांच्या गळ्यातली फट

"फट किती असते? आकडा सांगा," ईएनटीचे सर दारातूनच म्हणाले.

मी परळच्या एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. थीसिससाठी लॅरिंक्स, म्हणजे स्वरयंत्रं मोजत होतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापलेली. सरांचे पेशंट सावंत हे घोडपदेवचे गिरणी कामगार, गेट मीटिंगला बोलणारे. त्यांचा एक स्वरतंतू लुळा पडला होता. मेलेल्या माणसाच्या गळ्यात तंतू जिथे थांबतो, साधारण तिथेच लुळा तंतूही थांबतो. दुसरा त्याला भेटत नाही, मधून नुसता वारा जातो. सर सुईने भरण घालून लुळा तंतू मधे सरकवणार होते. कमी घातलं तर आवाज नाही, जास्त घातलं तर श्वास कोंडणार.

मी ऐटीत तक्ता दिला. सर वळले आणि माझ्या लक्षात आलं. सगळी मापं बरणीतल्या नमुन्यांची होती. फॉर्मॅलिनमध्ये मांस आक्रसतं, फट मोठी दिसते. पण बरणीतलं हाताळायला सोपं, म्हणून आम्ही सगळे तेच मोजायचो.

त्यांना जिन्यात गाठलं. "सर, माझे आकडे चुकलेत."

"आत्ता सांगताय? उद्या सकाळी घेतोय त्यांना."

"संध्याकाळपर्यंत ताजं माप देतो."

"द्याच."

दुपारी शवागारात दोन ताजी लॅरिंक्स न चिरता, वरून मोजली. मध्यापासून तंतू जेमतेम तीन मिलिमीटर दूर. तक्त्यातला आकडा जवळजवळ दीडपट होता. संध्याकाळी नवा आकडा सरांच्या हातात दिला.

सकाळी सावंत खुर्चीत बसलेले, घसा बधिर केलेला. सरांनी घशात धरलेल्या आरशातून मलाही बघू दिलं.

"ई म्हणा."

नुसती हवा आली. सरांनी थोडं भरण घातलं. पुन्हा "ई". आणखी थोडं. इतकी लॅरिंक्स हाताळली, पण हलताना एकही पाहिलं नव्हतं. खोबऱ्याच्या कापांसारखे दोन पांढरे तंतू एकमेकांना टेकले आणि खोलीभर आवाज घुमला. एवढ्याशा फटीतून हा माणूस अख्ख्या गिरणीशी बोलतो, या विचाराने मी थक्क होऊन बघतच राहिलो.

"साहेब, शनिवारी गेटवर बोलू ना?" सावंतांनी विचारलं.

"पंधरा दिवस तोंड बंद."

"मग आवाज दिलात कशाला?"

सर हसले. सावंत पंधरा दिवस गप्प बसले, पुढे मात्र कोणाला ऐकेनात. मी तक्ता फाडला. आमच्या विभागाच्या हेडनी यथेच्छ झापलं, थीसिस दोन वर्षं लांबला.

विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगायचो: आकड्याशेजारी तो कशावरून घेतला तेही लिहा. कुणाचा तरी श्वास त्यावर चालायचा असतो.