डब्यातल्या मातीचा वास

नव्वदच्या दशकात बहारीनमधल्या एका माती तपासायच्या प्रयोगशाळेत मी कामाला होतो आणि मला माझ्या नाकाचा भारी गर्व होता. नमुन्याची पिशवी उघडली की आधी वास घ्यायचो, मग नोंद करायचो. आमच्या प्रमुख मॅडम वसईच्या. त्या म्हणायच्या, "नाकानेच तपासायचं तर या काचेच्या बशा कशाला मांडल्यात?" मी हसण्यावारी न्यायचो.

एका उन्हाळ्यात सनाबिस गावचा, मोडकी हिंदी बोलणारा एक म्हातारा अरब बागवाला आला. त्याची खजुराची बाग इमारतींसाठी जाणार होती. झाडांच्या बुंध्याशी फुटलेली बारा पिल्लं त्याला बुदैयाकडच्या नव्या जागेत लावायची होती. आजोबांनी लावलेली जात, आता दुसऱ्या कुणाकडे उरली नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. नव्या जागेच्या मातीत मुळं कुजवणारी बुरशी आहे का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. त्याने आणलेल्या मातीचाही मी त्याच्यासमोर आधी वास घेतला.

मॅडम नेमक्या लीव्हवर होत्या. माती पाण्यात कालवून बशीत सोडायची आणि बुरशी उगवते का ते बघायचं, हे मला येत होतं. पण हवा दमट, त्यात मुंग्या झालेल्या. माझी बायको रत्नागिरीहून आणलेले पापड नि आमसुलं दूध पावडरच्या डब्यात भरून झाकणाला चिकटपट्टी मारते. आम्हा कोकणातल्या लोकांचा हवाबंद डब्यावर फार विश्वास. मीही तेच केलं. म्हाताऱ्याची बशी आणि एका शेणखताच्या नमुन्याच्या बशा एकाच मोठ्या डब्यात ठेवून पट्टी मारली.

आठवड्याने झाकण काढलं, तर ओल्या मातीचा असा वास आला की घरामागचा अळूचा वाफाच आठवला. किती वेळ मी डब्यात नाक खुपसून उभा होतो! खताच्या बशांवर जिवाणूंचे खडूसारखे ठिपके दाटले होते. म्हाताऱ्याची बशी मात्र कोरी होती. अहवालावर मॅडमची सही मीच ठोकली आणि बशा त्यांना दाखवायला पुन्हा डब्यात बंद केल्या.

"सब साफ?" म्हाताऱ्याने विचारलं.

"साफ."

पिल्लं नव्या जागेत गेली आणि जुनी झाडं बुलडोझरखाली.

मॅडम परतल्या, त्यांनी डबा उघडला आणि बशा एकेक करून बाहेर काढल्या.

"हा वास कुणाचा, ठाऊक आहे?"

"मातीचा."

"जिवाणूंचा. ते हवेत वाफा सोडतात. काहींना वास असतो, काहींना नसतो. त्यातल्या काहींमुळे शेजारची बुरशी न शिवताही दबून राहते. तू दोघांना एकत्र कोंडलंस. बशी कोरी दिसणारच."

त्यांनी ती बशी वेगळी, मोकळ्या हवेत ठेवली. चौथ्या दिवशी तिच्यावर कापसासारखे तंतू पसरले होते.

"आजच जा," मॅडम म्हणाल्या. "पिल्लं आत्ता उपटून, मुळं धुऊन दुसरीकडे लावली तर काही वाचतील."

मी गेलो. गोणपाटात गुंडाळलेली बारा पिल्लं ओळीने उभी होती आणि म्हातारा एकेकाला पाणी घालत होता. मला बघून त्याने काहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला. मग मूठभर माती उचलून माझ्या नाकाखाली धरली. "तू सूंघ. तेरा नाक मशीन है."

मातीला छान वास येत होता. डोळ्यांसमोर ती खोटी सही होती, तिच्यामागे नोकरी, नोकरीमागे व्हिसा. मी भित्रा माणूस आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"अच्छा है," मी म्हणालो.

मॅडमनी विचारलं, "सांगितलंस?" मी "हो" म्हटलं. म्हातारा ऐकत नाही, असंही वर जोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा प्रयोगशाळेत आला. बाराही पिल्लं खलास झाली होती. शेजाऱ्याने लिंबं लावायला थोडी जागा दिली होती, तिथली माती त्याने पिशवीतून आणली होती. मॅडमनी पिशवीसाठी हात पुढे केला, तर त्याने ती छातीशी धरली.

"नहीं, इसको देगा. ये अच्छा आदमी है. मेरे बाग में खुद आया, मिट्टी सूंघा, बोला अच्छा है. बाकी अल्ला की मर्जी."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी पिशवी घेतली. या वेळी तिचा वास घेतला नाही.