आतली कडी

न्हावऱ्याजवळच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात सुतारकामाला राहू गावचे एक मामा यायचे. प्रत्येक गोष्टीला ‘व्हय व्हय’ म्हणायचे आणि करायचे मात्र स्वतःच्या मनासारखं. खिडक्या उंच ठेवा म्हटलं, तर त्यांनी खाली घेतल्या. का, तर पडल्या पडल्या ऊस दिसावा म्हणून. काम सुरू करण्याआधी ते पेशंटच्या कॉटवर आडवे होऊन बराच वेळ छताकडे बघत राहायचे. माझं डोकं फिरायचं.

नव्या खोल्यांना बाहेरून कड्या लावा, असं मी तीनदा बजावलं. त्यांनी लावल्या आतून.

“मामा, कुणी आत कोंडून घेऊन जिवाचं बरंवाईट केलं तर?”

“बाहेरनं पट्टी सारली की उघडती, ही बघा. कोंडलेला मानूस पळायचंच बघतो, सायेब.”

“ते काही नाही. कड्या बदला.”

“व्हय व्हय,” म्हणाले आणि चार दिवस फिरकलेच नाहीत.

तेवढ्यात कारेगावच्या एका कंपनीतला कामगार दाखल झाला. आधी दोनदा इथून पळालेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं दार आतून बंद दिसलं. मी घाबरून दार बडवलं. त्यानं डोळे चोळत उघडलं.

“घरी बायको बाहेरनं कडी घालायची, सर. आज मी माझी लावून झोपलो.”

पाचव्या दिवशी मामा आले.

“कड्या राहू द्या,” मी नाइलाजानं म्हणालो.

“व्हय व्हय,” ते म्हणाले. हत्यारं त्यांनी आणलीच नव्हती.