आमची अहिराणी आणि शेठची वांगी

इथं गुजरातेत, सचिन गावातल्या माझ्या आताच्या ऑफिसात कॉम्प्युटर उघडला की आधी सूचना येते: इथले मेल तपासले जातात. नव्या मुली ती वाचतही नाहीत. मला मात्र दर वेळी जवळच्याच पलसाणा गावातली ती कापड रंगवणारी मिल आठवते आणि गलबलून येतं.

तिथं मोबाइल फाटकावरच जमा करावा लागे. साडीच्या नव्या डिझाइनचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून. मी रंगांचे नमुने सांभाळायची, माझी मैत्रीण वरच्या मजल्यावर हिशेबाला. दोघी खानदेशच्या, दोघींना गप्प बसणं अशक्य. मग कंपनीच्याच मेलवर आमच्या गप्पा चालत. शेठ सगळ्यांचे मेल बघतो हे अख्ख्या मिलला ठाऊक होतं, म्हणून आम्ही लिहायचो अहिराणीत. गुजराती शेठला काय कप्पाळ कळणार! अर्धे कामगार धुळे-नंदुरबारचे असलेल्या मिलमध्ये आमची ही हुशारी.

त्या वर्षी मला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे या खेपेला नवरा आणि मैत्रीण सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. शेठला तर कळताच कामा नये. बाईला दिवस गेल्याचं कानावर आलं की तो गोड बोलून तिला आरामाला घरी पाठवी आणि तिच्या खुर्चीत दुसरी बसवी. नवऱ्याचं काम सुटलेलं, घर माझ्या एकटीवर. तरी मेलवर मी मैत्रिणीपाशी सगळं ओतायची, उलट्यांपासून रडण्यापर्यंत.

त्याच सुमारास रंगखात्याचे मास्तर माझ्याशी विचित्र वागू लागले. शिरपूरकडचे, साठीला टेकलेले, एरवी कामापुरतंच बोलणारे. मी नमुने घ्यायला खाली निघाले की जिन्यातच अडवायचे. "खाले येऊ नको. नमुना मीच वर धाडसू." खाली अ‍ॅसिडचा वास कोंदलेला असे हे खरं, पण ते माझं काम होतं. म्हातारा माझं काम काढून घेतोय, असं वाटून मी घरी त्यांच्या नावानं बोटं मोडायची.

एकदा सही घ्यायला केबिनमध्ये गेले, तर मास्तर शेठच्या कॉम्प्युटरशेजारी उभे. शेठ मला बघून हसला. "तमे बे जणी आखो दिवस रींगणनी ज वातो करो छो?"

वांगी? आमच्या मेलमध्ये वांग्याचं नावही नव्हतं. मास्तरांनी माझी नजर चुकवली.

बाहेर पॅसेजमध्ये मी त्यांना गाठलं. "मास्तर, शेठले वांगासनं कोनी सांगं?"

"मीच. तो रोज माले बलाईसन तुमनं लिखेल वाचाले लावस. मंग काय सांगतू? भरीत सांगं, भाकर सांगी."

"सगळं वाचं तुम्ही?"

"वाचं, पोरी," म्हणाले आणि खाली निघून गेले.

मी रागानं तरातरा माझ्या जागेवर आले. आईला न सांगितलेलं दुःख एका परक्या पुरुषानं रोज वाचावं! कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नमुने मात्र वर येत राहिले. पोट दिसायला लागलं तेव्हा लग्नसराईच्या ऑर्डरी ऐन भरात होत्या, मला काढणं शेठला परवडणारं नव्हतं. नोकरी टिकली, आणि मुलगी झाली.

मास्तर पुढे गावी गेले आणि तिथंच वारले. मला तो राग अजूनही येतो, मी तो नाकारत नाही. पण त्याच्या कितीतरी पट त्यांची आठवण येते. एका सकाळी मी मैत्रिणीला लिहिलं होतं, "माले भ्याव वाटस. हाई बी जाई का?" हेही बाळ जाईल का, ही माझी भीती मास्तरांनी शेठसमोर उभं राहून वाचली असणार, आणि वाचून लगेच त्याच्याकडे वळून, भरिताचं काहीतरी सांगत हसले असणार.