पुढची खबर साडेसहाला

माझ्या थोरल्या साडूच्या मामांइतक्या थंड आवाजात वाईट बातमी सांगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. आम्हीही त्यांना मामाच म्हणायचो. रिक्षावर दोन भोंगे बांधून सरकारी सूचना पुकारत फिरणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. संचारबंदी लागली, साथ आली, हर्सूलचा तलाव भरून नाल्याला पाणी सुटलं, की मामा निघालेच. रिक्षा दिसायच्या आधी आवाज यायचा. संचारबंदीत रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं, आणि त्या मोकळ्या गल्लीतून, चढ नाही उतार नाही असा तो आवाज भिंतींवरून सरकत पुढं जायचा. बायकांच्या हातातली लाटणी थांबायची. पाळण्यातलं पोर रडता रडता गप्प व्हायचं.

"घाबरू नका" हे शब्द मात्र त्यांनी भोंग्यावरून कधी उच्चारले नाहीत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "पाव्हणं, घाबरू नका म्हटलं की माणूस आधी घाबरतं. काय झालं ते सांगा, काय करायचं ते सांगा, आन् आपण परत कवा येणार ते सांगा. बाकी लोकं लई शहाणी असतात." यातलं तिसरं त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठं. प्रत्येक पुकाऱ्याच्या शेवटी वेळ ठरलेली: "पुढची खबर साडेपाचला." साडेपाचला सांगण्यासारखं काही नसलं तरी मामा हजर. "साडेपाच वाजले. नवीन खबर नाही. पुढची खबर सहाला." मला नोंदी ठेवायची सवय असल्यामुळं मी एका वहीत त्यांनी सांगितलेली वेळ आणि आल्याची वेळ असे दोन रकाने केले होते. इतक्या वर्षांतला सर्वांत मोठा उशीर चार मिनिटांचा, तोही पुलावर म्हशी आडव्या आल्या म्हणून. त्या चार मिनिटांची त्यांनी भोंग्यावरून माफी मागितली होती.

घरगुती बोलणंही त्याच आवाजात. साडूच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी त्यांच्या हाती माइक दिला. मामांनी पुकारलं, "नवरदेवाच्या मावशींनी ताबडतोब मांडवात यावं. सोबत एक धडधाकट माणूस आणावा. पुढची खबर पाच मिनिटांनी." मावशी आल्या त्या रडतच. धडधाकट माणूस रुखवताची पेटी उचलायला हवा होता.

मग त्यांच्या घशाचं दुखणं निघालं. एका दुपारी भेटायला गेलो, तर बंद दारामागून आवाज येत होता. "पाचला." मग बराच वेळ काही नाही. "साडेपाचला. सहाला." आत मामा एकटेच, खिडकीला गोधडी टांगून, भिंतीकडं तोंड करून बसले होते. हातात रेकॉर्डर.

"मामा, हे काय चाललंय?"

"आवाज चाललाय माझा. पाण्याचा, आगीचा, साथीचा, सगळे पुकारे भरून ठेवले. पण येळ कंची येईल ते आज कसं सांगू? म्हणून येळा येगळ्या भरतोय. रफिक जोडून घेईल." रफिक म्हणजे त्यांचा रिक्षावाला.

"तुम्ही असताना याची काय गरज?"

"मी असताना नायच लागत," मामा म्हणाले, आणि परत भिंतीकडं वळले. "साडेसहाला."

उन्हाळ्यात मामा गेले. त्याच वर्षी गणपती उठल्यावर एका दुपारी नाला चढला. आमच्या घरांची ओळ सगळ्यांत खाली. रफिकची रिक्षा आली, भोंग्यावर कचेरीतला नवा माणूस. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये. अफवांवर विश्वास ठेवू नये." ओळीतलं एकही दार उघडलं नाही. आमच्या दाराला पाच पायऱ्या. पाणी वीस मिनिटांत एक पायरी चढत होतं, आणि तिसरी बुडाली होती. माझी आई खाटेची कड धरून बसलेली.

"एवढं असतं तर मामा आला असता," ती म्हणाली.

"आई, मामा वारले. दहाव्याला तूच तर आली होतीस."

"व्हय, ठाऊक हाय. पण पाण्याचं त्यानं सांगितल्याबिगर मी उठत नाय."

तिला ओढून काढणं मला एकट्याला शक्य नव्हतं. गुडघाभर पाण्यातून मी रिक्षापर्यंत गेलो आणि मामांचा आवाज लावायला सांगितलं. रफिक म्हणाला, "साहेब, परमिशन नाही है." मग त्यानं पाण्याकडं पाहिलं आणि वरच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला. "मामा का गला है इसमें." नव्या माणसानं माइक बाजूला ठेवला.

"नाल्याला पाणी वाढतंय. खालच्या घरांनी वरच्या शाळेत जावं. म्हातारी माणसं आधी न्यावीत. पुढची खबर..." मध्ये एका श्वासाएवढी जागा मोकळी गेली. "साडेपाचला."

एकामागून एक कड्या निघाल्या. मी घरात आलो तेव्हा आईनं खाट सोडली होती. "चप्पल दे," म्हणाली. तिला शेजाऱ्याच्या मदतीनं उचलून बाहेर काढलं, तेव्हा पाचवी पायरी दिसत नव्हती.

साडेपाचला शाळेतली सगळी कुजबुज आपोआप बंद झाली. सगळ्यांची तोंडं फाटकाकडं. आवाज आला, ठरल्या मिनिटाला. "नवीन खबर नाही. पुढची खबर सहाला." सहाला परत आला. "पाणी ओसरलं. लोकांनी घरी जावं." आणि भोंगा थांबला.

कुणी उठेना. कचेरीतला माणूस हातानं जा जा म्हणून खुणा करत होता. आई त्याला म्हणाली, "वेळ राहिली सांगायची." रफिकनं आमच्याकडं पाहिलं, मान खाली घालून खटपट केली, आणि मामा म्हणाले, "साडेसहाला." तेव्हा कुठं लोक उठले, सतरंज्या झटकल्या, पोरं कडेवर घेतली.

साडेसहाला रिक्षा आली नाही. दुसऱ्या दिवशी रफिक म्हणाला, "साहेब, आगे का कुछ भराच नाही है."

वहीत त्या नोंदीचा दुसरा रकाना मी मोकळा ठेवला आहे. संध्याकाळी आई खुर्ची दाराकडं वळवून बसते. साडेसहा वाजले की ती माझ्याकडं बघते, मी घड्याळाकडं बघतो, आणि आम्ही आणखी चार मिनिटं धरतो.