पिवळा तांदूळ आणि नवीन व्हर्जन

आई लाखनीजवळच्या एका राईस मिलमध्ये तांदूळ निवडायची. सूप मांडीवर, मान खाली, दिवसभर काळे दाणे वेचायचे. घरी आली की डोळ्यांतून पाणी यायचं, सुईत दोरा ओवता येत नसे. बाबा अंथरुणाला खिळलेले. माझी फी त्या सुपातूनच निघाली. घरातली पहिली डिग्री माझी, इलेक्ट्रॉनिक्सची. अभिमान आहे, म्हणून सांगते.

आता त्याच मिलमध्ये मी सर्व्हिस इंजिनिअर म्हणून जाते. सुपाच्या जागी सॉर्टर आलाय. मशीनमध्ये वरून तांदूळ पडतो, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो आणि काळा, डागी दिसला की हवेच्या फुंकरीने बाजूला उडवतो. कुठला उडवायचा, हे सॉफ्टवेअर ठरवतं.

पुण्याहून आमच्या साहेबांचा हुकूम आला: सगळीकडे नवीन व्हर्जन टाका, जुन्याचा सपोर्ट बंद होणार.

मिलचे शेठ ऐकेनात. "मशीन चालून राहिली ना? मंग हात कायले लावता?"

"शेठ, मधेमधे हँग होते ना ती?"

"दोन थापडा मारल्या का चालते. केरळचा ट्रक उभा आहे बाहेर. माल आज नाही गेला, तर पार्टी दुसऱ्या मिलवाल्याले ऑर्डर देते. सांगून ठेवतो, मॅडम."

लहानपणापासून ते मला पोरी म्हणतात. मॅडम म्हणाले की समजायचं, पारा चढलाय.

मी आधी जुन्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला. मग अपडेट केलं. स्क्रीन एकदम चकाचक. एक पोतं सोडलं, आणि फुंकर थांबेचना! सगळा तांदूळ रिजेक्टमध्ये.

"वा बाप्पा!" शेठ म्हणाले. "तुमच्या नव्या व्हर्जनले आमचा तांदूळच पसंत नाही."

साहेबांना फोटो पाठवून फोन लावला.

"अगं, तांदूळ पिवळा पडलाय. खराबच आहे तो. मशीन बरोबर काम करतेय."

"सर, हा उसना आहे. धान उकडून, वाळवून मग भरडतात. पिवळसरच असतो."

"टेस्टिंग आम्ही तांदळावरच केलंय."

"पांढऱ्या?"

ते विषय बदलून म्हणाले, "सेन्सिटिव्हिटी कमी करून बघ."

केली. तर काळे दाणेही चांगल्यात यायला लागले.

"सर, मी जुनं परत टाकते."

"तशी पॉलिसी नाही."

"ट्रक उभा आहे, सर. रिपोर्टमध्ये माझं नाव टाका."

जुनं व्हर्जन चढलं. काळा दाणा उडाला, पिवळा खाली आला. शेठनी मूठभर तांदूळ तळहातावर पसरून पाहिला.

"चहा घे, पोरी."

पोरी ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी ट्रक हायवेला लागला.

दुसऱ्या दिवशी मी चांगल्या उसन्याची एक आणि डागी दाण्यांची एक, अशा दोन थैल्या पुण्याला कुरिअर केल्या. त्यावर सॉफ्टवेअर सुधारून आलं. शेठच्या मशीनवर ते मीच टाकलं. आता ती हँग होत नाही, थापडाही खात नाही.

तेव्हा अपडेट जरूर करा. फक्त जुन्याची कॉपी खिशात ठेवा आणि टेस्टिंग आपल्याच मालावर करा.

आज मी सांभाळते त्या प्रत्येक मशीनच्या स्क्रीनवर 'उसना' असं वेगळं बटण आहे. ते माझ्यामुळे आलं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन माझ्या पगारातून झालं. सुईत दोरा ती आता स्वतः ओवते.