मुरारीभाऊंचं रुसवा खातं

दिघोरीकडच्या आमच्या गावात मच्छीमार सोसायटी होती. तिच्या रजिस्टरात छापील खाती दोनच, सभासद आणि ठेवीदार. सरकारला वाटतं, माणसं एवढ्यात मावतात. मुरारीभाऊ सेक्रेटरी झाले आणि त्यांनी पट्टी घेऊन तिसरं खातं स्वतः आखलं. रुसवा खातं.

तलावात जाळं पडलं की मासळीचे वाटे व्हायचे, आणि वाटा म्हटला की कोणीतरी फुगून घरी जायचाच. त्याचा वाटा दुसऱ्याला द्यायचा, रुसलेल्याच्या नावावर लिहायचा आणि रुसवा निघाला की पुढच्या मासळीतून सही घेऊन चुकता करायचा. डोकी फुटायची थांबली.

एकोणऐंशी साली हिशेब तपासायला सरकारी ऑडिटर वासुदेवराव आले. तिसरं खातं पाहून त्यांचा पारा चढला.

"हे कोणत्या नियमात बसतं? उद्या असा शेरा मारतो की तुमचं सेक्रेटरीपद गेलंच समजा!"

"साहेब, नियमात रुसवा नाही, पन गावात आहे ना जी!"

भाऊंचं तोंड एवढंसं झालं. मला तर साहेबांचा असा राग आला! हे काय जन्मात कधी रुसलेच नव्हते?

दुपारी जेवण भाऊंकडेच होतं. त्यांच्या बायकोनं, बायाबाईंनी, रोहूचा रस्सा केला. आमच्याकडे मुंडक्याचा मान जावयाचा, आणि नेमका जावई हिरालाल पंक्तीला. बायाबाईंनी रिवाजाप्रमाणे मुंडकं त्याच्या ताटात वाढलं. साहेब त्या मुंडक्याकडे बघतच राहिले. मग "मला भूक नाही" म्हणत ताडकन उठले आणि सोसायटीच्या खोलीत जाऊन आडवे झाले.

"काहून उठले जी? आता तं तुमची नोकरी गेलीच!" बायाबाई रडकुंडीला आल्या.

 भाऊंनी रजिस्टर काढून तिसऱ्या खात्यात लिहिलं: वासुदेवराव, मुंडकं एक.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळं पडलं. रस्स्याचा वास गल्लीभर सुटला. कालपासून नुसत्या चहावर असलेले साहेब आपसूक भाऊंच्या दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, तुमचं मुंडकं जमा आहे. सही करा, मंग वाढतो."

"मी रुसलो नव्हतो."

"मंग हिरालालले देऊन टाकू का जी?"

साहेबांनी घाईघाईनं सही ठोकली. सवयीनं खाली हुद्दा लिहिला, वर शिक्काही मारला.

बोटं चाटूनपुसून ते शेरा लिहायला बसले आणि लेखणी अडली. खातं बेकायदेशीर म्हणावं, तर त्यात स्वतःचाच शिक्का. शेवटी त्यांनी लिहिलं: 'रुसवा खाते तपासले. व्यवहार समाधानकारक.'