मफलरवाल्याचा सहावा भाग आणि माझा गुडघा

हे बघा, चहाचा घोट आधी गिळून घ्या. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही. कारण यंदा मी जो शहाणपणा केलाय, तो कळल्यापासून आमचं कुत्रंसुद्धा माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघतंय.

माझं वाईत पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. शेजारी सलीमचं बांगड्यांचं. आम्ही पहिलीपासूनचे दोस्त. आणि ह्या दोस्तीत तिसरा गडी होता, तो पडद्यावरचा. इंग्रजी पिक्चरमधला लाल मफलरवाला! मोडकं विमान उडवायचा, दरीवरच्या पुलावरून उड्या मारायचा. त्याचं खरं नाव आमच्या जिभेला कधी वळलंच नाही. आमच्यासाठी तो मफलरवाला.

पहिला भाग आम्ही जत्रेतल्या तंबूत पाहिला. तोही पडद्याच्या मागं बसून, कारण पुढची जागा मोठ्या माणसांची. आता मागून सगळं उलटं दिसतं हो! त्यामुळं मफलरवाला डावखुरा, ही आमची पक्की समजूत. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. सलीम मनानंच डायलॉग सांगायचा आणि मी ते खरे मानायचो. पुढं साताऱ्याच्या टॉकीजमध्ये समोरून पाहिला, तर गडी उजव्या हाताचा! सलीमला ते आजतागायत पटलेलं नाही.

एकेक भाग येत गेला. मधल्या काळात आमची लग्नं झाली, पोरं झाली, चष्मे लागले. पाचव्या भागात मफलरवाला जिना चढताना कठडा धरायला लागला. काय वाईट वाटलं म्हणून सांगू! पिक्चर बघून परतलो आणि दोघं कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो.

"आता बास कराय पायजे रं ह्यानं," मी म्हणालो. "वय झालं की मान्सानं उड्या मारू न्हाईत."

"व्हय गड्या. आपला मफलरवाला हितं हाय," सलीमनं छातीवर हात ठेवला. "त्यो म्हातारा आपला न्हवं."

पुढचा भाग आला तर बघायचा नाही, अशी तिथंच शपथ घेतली. सुचवली कुणी? मीच!

आणि यंदा सहावा भाग आला.

दुकानात तार गुंडाळताना माझे वेढे चुकायला लागले. अहो, आपलं माणूस थकलं म्हणून त्याला भेटायलाच जायचं नाही, असं असतं का? पण सलीमला कळलं तर? एवढ्या जन्माची दोस्ती, आणि शपथ मोडणारा मी! साताऱ्यात बघावा तर ओळखीचं कुणीतरी टपकणारच. म्हणून लांबची सांगली ठरवली. त्यात सलीमच म्हणाला, "उद्या दुकान बंद हाय. कराडला सासुरवाडीला चाललोय." मला तर उकळ्याच फुटल्या.

बायकोला सांगितलं, "सुमन, गुडघा लय दुखतोय. मिरजेला दाखवून येतो." आणि एसटीत बसलो.

इथंच माती खाल्ली! आमच्याकडचा हिशेब कसा, सर्दी-खोकल्याला वाई, हाडबीड मोडलं तर सातारा, आणि सगळ्यांनी हात टेकले की सांगलीशेजारची मिरज, मोठ्या हॉस्पिटलांची. नुसत्या गुडघ्यासाठी कोण जातंय मिरजेला? त्यात कुणाचा फोन नको म्हणून एसटीत बसल्या बसल्याच मी मोबाईल बंद केला. सुमननं फोन लावला, लागेना. तिनं भावाला कळवलं. भाऊ म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार, राहायला सांगलीजवळच.

"ताई, गुडघा न्हाई ह्यो," तो म्हणाला म्हणे. "दाजींनी तुज्यापास्नं कायतरी मोटं लपीवलंय. तू नीघ!"

झालं! सुमन रडत जीपमध्ये बसली. गल्लीतली अर्धी माणसं सोबत, कारण मिरजेला ठेवलेल्या माणसाला भेटायला जायचं म्हणजे जायचंच. वाटेत शहाळी घेतली. तिकडं सुभेदारानं मिरजेतल्या एकेका हॉस्पिटलच्या दारात आपला एकेक माणूस उभा केला. बंदोबस्तच!

आणि मी? मी सांगलीत, थंडगार थेटरात. पडद्यावर मफलरवाला आला. मफलर विरलेला, केस पांढरे. विमानातून उतरताना त्यानं कमरेवर हात ठेवला आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. तंबूत मातीत बसलेलं ते पोरगं आता कुठंच उरलं नाही, हे मला त्या अंधारात पहिल्यांदा कळलं.

मग तो पूल आला. फळ्या कोसळल्या. मफलरवाला एका दोराला लोंबकळतोय, उजवा हात सुटत चाललाय. तेवढ्यात मागून आरोळी आली.

"आरं, डाव्या हातानं धर की! डाव्या!"

अख्ख्या जगात मफलरवाल्याला कधी डावखुरा मानलेली माणसं दोनच. त्यातला एक मी.

"सलम्या!" मी ओरडलो आणि आनंदाच्या भरात खुर्चीवरूनच मागं उडी मारली. बाजूनं चालत जायचं सुचलंच नाही. पाय खुर्चीत अडकला आणि गुडघ्यानं कट्टकन आवाज केला.

"दत्त्या? तू? आन शपथ?"

"तुजी सासुरवाडी कवापास्नं थेटरात आली रं?"

मग काय, मी विव्हळतोय, तो हसतोय, आणि दोघांच्या डोळ्यांत पाणी. सलीमनं मला उचलून रिक्षात घातलं. रिक्षावाला न विचारताच निघाला. कुठं? मिरजेला!

तिथल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलच्या दारात रिक्षा थांबते न थांबते तोच गलका झाला, "दाजी आलं! दाजी आलं!" समोर सुभेदार, सुमन, शहाळी आणि अर्धी गल्ली.

"पेशंटच्या आधी नातेवाईक? असं पहिल्यांदाच बघतोय," डॉक्टर म्हणाले. "काय झालं?"

"उडी मारली."

"ह्या वयात?"

मी कायतरी जुळवणार होतो. पण सलीमनं सगळं सांगून टाकलं, मधेमधे मनाचे डायलॉग घालून.

सुमनचा चेहरा लाल झाला. "मी वाटंभर डोळ्याला पदर लावून आले, आन तुमी खुर्च्यांवरनं उड्या मारताय व्हय?"

दुसऱ्या दिवशी, आलोच आहोत तर बघून घेऊ, म्हणत सगळी फौज सांगलीला पिक्चरला गेली. मी प्लास्टर आणि शहाळ्यांसोबत खाटेवर. संध्याकाळी परत आले तेव्हा सुभेदाराचे डोळे लाल. धूळ गेली म्हणाला.

"सलम्या, शेवटी दोर कुठल्या हातानं धरला रं?" मी विचारलं.

त्यानं सुमनकडं पाहिलं आणि दोघं गालात हसले.

"ते थेटरात जाऊन बघायचं आस्तंय," सुमन म्हणाली. "पर आवं, त्यो म्हातारा एवढ्या पुलावरनं पडून बी उठून चालाय लागला बगा."

हल्ली दुकानात कुणी विचारलं, "कशाला काढत्यात आता ह्याचं भाग?" की मी नुसता गुडघा चोळतो. मफलरवाल्याला अजून जमतंय हो. थांबायला पाहिजे होतं ते मी!